खाडीचं पाणी किती दिवसांनी नवं होतं?

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., विषय मराठी. गणिताची आणि माझी ताटातूट दहावीलाच झाली आणि त्याचं दुःख दोघांपैकी कुणालाच झालं नाही. तरीही आज मी तुमच्याशी एका आकड्याबद्दल बोलणार आहे. तो आकडा म्हणजे अडीच दिवस.

गेल्या वर्षी आमच्या खाडीकाठच्या गावात जनसुनावणी झाली. काठावर एक उद्योग येऊ घातला होता आणि त्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळातून खाडीत सोडायचं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पडद्यावर आमच्या खाडीचं रंगीत चित्र दाखवलं, कुठं निळं, कुठं हिरवं. बोलणारे तज्ज्ञ गृहस्थ भले होते. लोकांना कळावं म्हणून शक्य तितकं सोपं मराठी बोलत होते. ते म्हणाले, "आम्ही संगणकावर प्रतिमान केलं आहे. तुमच्या खाडीतलं पाणी अडीच दिवसांत नवं होतं. त्यामुळे काळजीचं कारण नाही."

तेव्हा फुफी उभी राहिली. ती माझी सख्खी आत्या नव्हे, पण मोहल्ल्यात लहानथोर तिला फुफीच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं. सुकतीला कमरेला ओढणी खोचून चिखलात उतरायचं, तिसऱ्या नि कालवं काढायची आणि बाजारात नेऊन विकायची, यात तिचा जन्म गेला. ती म्हणाली, "साहेब, आमच्या कोंडात पोरांचा चेंडू पडला तर आठ आठ दिवस तिथंच फिरतो. अडीच दिवसांत नवं होतं ते कुठलं पाणी?"

मांडवात हशा पिकला. साहेब नम्रपणे म्हणाले, "ताई, चेंडू वाऱ्यावर फिरतो. मी पाण्याचं सांगतोय."

त्यांचं उत्तर चूक नव्हतं. पण फुफीचा प्रश्नही चूक नव्हता. त्या दोघांच्या मध्ये नेमकं काय होतं, ते समजून घेण्यात माझे पुढचे कित्येक महिने गेले. माझा एक भाचा स्थापत्य अभियंता आहे. बंदरांच्या कामावर त्यानं काही वर्षं काढली आहेत. त्याला मी इतका पिडला की शेवटी तो म्हणाला, "मामू, तुम्ही आता परीक्षेला बसा."

भरती-ओहोटीचं थोडं ज्ञान मला घरातूनच मिळालं होतं. माझे अब्बा खाडीवर तर चालवायचे. पैलतीरी जाणारी माणसं, बकऱ्या, आंब्याच्या पेट्या, नवरानवरी, सगळं त्यांच्या होडीतून जायचं. पाणी केव्हा चढणार हे त्यांना घड्याळापेक्षा आधी कळायचं. कोकणातला जुना हिशोब पुष्कळांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. प्रत्येक बंदर थोडं पुढंमागं असतं, पण ढोबळ हिशोब चुकत नाही. आमच्या घरी भिंतीवर चांदाच्या तारखांचं कॅलेंडर. अब्बा चांदाच्या तारखेत एक मिळवायचे, तिथी धरायचे आणि पाऊणपट करायचे. शेजारचे खारवी पंचांग बघून तीच वेळ काढायचे. चंद्र एकच, त्यामुळे भांडणाला जागा नव्हती.

चंद्राच्याच हिशोबानं दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी आळसावल्यासारखं थोडं वर, थोडं खाली. फुफीसारख्या बायकांचा धंदा उधाणाच्या सुकतीवर चालतो, कारण तेव्हाच लांबपर्यंत चिखल उघडा पडतो.

आता हे पाणी नवं कसं होतं? भाच्यानं मला हंड्यांच्या भाषेत सांगितलं, तसंच मी तुम्हाला सांगतो.

समजा, पूर्ण भरतीला एखाद्या खाडीत शंभर हंडे पाणी आहे. उधाणाच्या सुकतीला त्यातले चाळीस हंडे समुद्रात गेले आणि साठ उरले. पुढच्या भरतीला समुद्रातून चाळीस हंडे आले. हे आलेले चाळीस हंडे अगदी नवेकोरे आहेत आणि आतल्या साठांत ते छान ढवळून मिसळले, असं धरा. म्हणजे एका भरतीनंतर जुनं पाणी शंभरातलं साठ राहिलं. दुसऱ्या भरतीनंतर साठाचे साठ टक्के, म्हणजे छत्तीस. एवढ्यात एक दिवसाच्या जरा वर वेळ गेला. वाटतं, झालंच की काम!

पण समुद्र हा काही असा विहिरीवरचा सज्जन पाणक्या नव्हे. खाडीच्या मुखातून बाहेर पडलेलं पाणी लगेच अरबस्तानाकडे निघून जात नाही. ते तिथंच मुखाबाहेर घुटमळतं, आणि भरती लागली की त्यातलंच बरंचसं पुन्हा आत येतं. पाहुणे निरोप घेऊन अंगणात अर्धा तास बोलत उभे राहतात आणि छत्री विसरली म्हणून परत घरात येतात, तसं. समजा, गेलेल्यातलं निम्मं पाणी परत आलं. मग दर भरतीला खरं नवं पाणी फक्त वीस हंडे. जुनं पाणी शंभराचं ऐंशी, ऐंशीचं चौसष्ट, मग एक्कावन्न, एक्केचाळीस, आणि पाचव्या भरतीला तेहतीस. पाच भरत्या म्हणजे साधारण अडीच दिवस. आणि भांगाच्या दिवसांत चाळीसाऐवजी वीसच हंडे ये-जा करतात, त्यातले निम्मे परत येतात, म्हणजे नवे फक्त दहा. तेव्हा तेवढ्याच कामाला दहा भरत्या लागतात, पाच दिवस.

इथं मी भाच्याला थांबवलं. "तेहतीस उरले असताना थांबायचं का? ते तेहतीस कुठं गेले?"

तो हसला. म्हणाला, "तिथंच आहेत. प्रथाच तशी आहे." शंभरातले सदतीस भाग उरले की पाणी नवं झालं, असं या शास्त्रात बहुधा धरतात. त्यामागे 'ई' नावाच्या एका संख्येचं गणित आहे. ते गणित चोख आहे, त्यात लबाडी काही नाही. पण मांडवात बसलेल्या माणसाला 'नवं झालं' म्हटल्यावर काय वाटतं? त्याला वाटतं, जुनं सगळं गेलं. प्रत्यक्षात एक तृतीयांशाहून जास्त जुनं अजून तिथंच असतं. ते पाच टक्क्यांवर यायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो, म्हणजे अडीच दिवसांचे साडेसात होतात.

आणि आणखी एक गोष्ट, मला तर हीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नळ एकदा पाणी सोडून गप्प बसत नाही. तो रोज सोडतो. रोज एक हंडा घाण सोडली आणि पाणी नवं व्हायला अडीच दिवस लागत असले, तर काही काळानं खाडीत कायमची अडीच हंडे घाण राहते. दहा दिवस लागत असतील तर दहा हंडे. सोडणारा तेवढाच सोडतो, पण एका ठिकाणी ते अडीच असतं आणि दुसऱ्या ठिकाणी दहा. तिसरी तर पाणी गाळूनच जगते. पाण्यात जे असेल ते तिच्या पोटात साठत जातं. तिथून ते बाजारात आणि बाजारातून आपल्या ताटात येतं.

लहानपणी मकतबमध्ये आम्हाला पाण्याचे नियम शिकवायचे. आम्ही कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. थोडं पाणी असेल तर त्यात घाण पडताच ते नापाक होतं. पुष्कळ पाणी असेल तर रंग, वास किंवा चव बदलली तरच. आमचे उस्ताद ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेऊन दाखवायचे. जुन्या लोकांनी पाण्याचा केवढा बारीक विचार केला होता! मात्र आजच्या काही विषांना ना रंग, ना वास, ना चव. तिथं उस्तादांची ओंजळ अपुरी पडते आणि यंत्रं लागतात, हेही मान्य करायला हवं.

हे प्रतिमान म्हणतात ते काय असतं? आधी ते खरोखरच हातानं बांधायचे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराची गोष्ट मला फार आवडते. तिथं जॉन रेबर नावाचे एक गृहस्थ होते. पेशानं नाटकं बसवणारे. त्यांच्या डोक्यात आलं की उपसागराला दोन मोठे बांध घालावेत आणि आतमध्ये गोड्या पाण्याची तळी करावीत. नाटकवाल्याची कल्पना म्हणून कुणी ती हसण्यावारी नेली नाही, तिला मोठा पाठिंबा मिळाला. मग तिथल्या लष्कराच्या अभियंत्यांनी १९५७ साली सॉसालिटो गावात त्या उपसागराची काँक्रीटची प्रतिकृती उभी केली. दीडेक एकराची! आडवं माप हजारात एक, उभं माप शंभरात एक. या मापांमुळे वेळही शंभरात एक झाला. चोवीस तास पन्नास मिनिटांचा भरती-ओहोटीचा दिवस तिथं पंधरा मिनिटांत उरकायचा. तळाशी घर्षण बरोबर यावं म्हणून तांब्याच्या हजारो पट्ट्या रोवल्या होत्या. त्यात पाणी सोडून पाहिलं आणि कळलं की ही योजना चालणार नाही. बांध झाले नाहीत. त्या प्रतिकृतीवरचं संशोधन २००० साली थांबलं. पुढं ती लोकांना पाहायला ठेवली.

आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली त्याची सुरुवात झाली. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या कुशीत, मुंबई बंदराची प्रतिकृती बांधून तिच्यात भरती-ओहोटी आणत असत. मला यात कवितेला विषय दिसतो, पण ते राहू द्या.

आता बरंचसं काम संगणकावर होतं. खाडीच्या नकाशावर जाळं टाकतात, लहान लहान त्रिकोणांचं किंवा चौकोनांचं. प्रत्येक घरात तिथली खोली भरतात. मुखाशी समुद्राची भरती द्यायची, वरच्या अंगाला नदीचं पाणी द्यायचं, वारा द्यायचा, तळाचं घर्षण द्यायचं. मग संगणक क्षणाक्षणाला मोजत जातो, या घरातून त्या घरात किती पाणी गेलं. नंतर त्या पाण्यात रंग कालवतात. खरा नव्हे, आकड्यांचा. सगळीकडे रंग शंभर, समुद्रात शून्य. भरत्या-ओहोट्या चालू करायच्या आणि प्रत्येक घरातला रंग सदतिसावर केव्हा येतो ते पाहायचं. प्रत्यक्ष पाण्याच्या पातळीशी आणि वेगाशी पडताळा जुळला तर प्रतिमान विश्वासाचं.

इथं फुफीच्या प्रश्नाचं मूळ सापडतं. 'खाडीचं पाणी किती दिवसांत नवं होतं' हा एक प्रश्न नाही, त्यात निदान तीन प्रश्न आहेत. अख्ख्या खाडीची सरासरी काय, हा पहिला. इथं, या जागी असलेला थेंब बाहेर पडायला किती वेळ घेईल, हा दुसरा. आणि इथं असलेला थेंब समुद्रातून किंवा नदीतून येऊन किती दिवस झाले, म्हणजे त्याचं वय काय, हा तिसरा. शास्त्रज्ञ या तिन्हींना वेगवेगळी नावं देतात. साहेबांनी पहिल्याचं उत्तर दिलं होतं, फुफीनं दुसरा विचारला होता. इटलीतल्या व्हेनिसच्या खाजणाचा असा अभ्यास झाला आहे. समुद्राच्या तीन तोंडांजवळ पाणी थोड्याच दिवसांत बदलतं आणि आतल्या टोकांना महिनाभर रेंगाळतं, एकाच खाजणात. तिथं सरासरी सांगून कुणाचं समाधान होणार? २०२० सालच्या ऑक्टोबरपासून त्या तीन तोंडांवर उधाण अडवायला पोलादी दारं उभी करतात. दारं जितका वेळ बंद, तितका वेळ आतलं पाणी आत. त्यामुळे तिथं हा हिशोब आता नव्यानं महत्त्वाचा झाला आहे.

आपल्या देशातली सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र ओडिशातल्या चिलिका सरोवराची. समुद्राला लागून असलेलं, पावसाळ्यात हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरणारं हे खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर. लाखो माणसं त्याच्या मासळीवर जगतात. नद्यांनी आणलेला गाळ आणि किनाऱ्यानं सरकणारी वाळू यांनी त्याची समुद्राकडे जाणारी वाट लांब आणि अरुंद होत गेली. समुद्राचं पाणी पोचेना. खारटपणा उतरला, गोड्या पाण्याची वेल-गवतं माजली, मासळी घटली. १९८१ साली रामसर यादीत गेलेलं हे सरोवर १९९३ साली धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेलं. मग खडकवासल्याच्या संशोधन केंद्रानं आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं अभ्यास केला. नवं तोंड कुठं फोडलं तर भरतीचं पाणी आतवर पोचेल, हे आधी प्रतिमानावर पाहिलं. २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुदा गावाजवळ वाळूचा दांडा कापून नवं तोंड उघडलं. समुद्राची वाट अठरा किलोमीटरनं कमी झाली.

पुढं काय झालं, ते मासळीच्या आकड्यांत दिसतं. १९९९-२००० साली चिलिकाची मासळी सुमारे १,७४५ टन होती. २००१-०२ साली ती जवळजवळ १२,००० टनांवर गेली. २००२ साली सरोवर धोक्याच्या यादीतून बाहेर आलं. त्या वर्षी तिथल्या कोळ्यांच्या घरांत ईद-दिवाळी-दुर्गापूजा सगळं एकदम झालं असेल, असं मला उगीचच वाटतं. समुद्र मात्र माणसानं आखलेल्या जागी थांबत नाही. पुढं २००८ साली त्यानं जवळच आणखी एक तोंड आपणहून फोडलं. म्हणून तिथं मोजणी आणि आकडेमोड चालूच ठेवावी लागते.

चिलिकाचं वाचल्यावर मी प्रतिमानांच्या बाजूचा झालो, हे कबूल करतो. सुनावणीच्या दिवशी मी रागात होतो. 'संगणकाला आमची खाडी काय कळणार' असं एक टाळीचं वाक्यही मी मांडवात बोलून घेतलं होतं. ते वाक्य उथळ होतं. संगणकाला जे सांगाल तेच कळतं. तेव्हा त्याला काय सांगितलं, हे विचारायला हवं होतं.

म्हणून आम्ही ते विचारलं. माहितीच्या अधिकारात अहवालाची प्रत मागवली. भाचा आणि मी तीन रात्री तो घेऊन बसलो. पहिली गोष्ट सापडली ती अशी की, अडीच दिवसांचा आकडा उधाणाच्या भरतीचा होता. दुसरी गोष्ट, नदीचं पाणी त्यांनी वर्षाची सरासरी काढून दिलं होतं. आता कोकणातला पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. वर्षाचं जवळजवळ सगळं पाणी जून ते सप्टेंबरात येतं आणि खाडी अक्षरशः धुऊन निघते. वरून गोडं पाणी समुद्राकडे धावतं, खालून जड खारं पाणी आत शिरतं, अशी दुहेरी ये-जा सुरू असते. आणि एप्रिल-मेमध्ये? नदी म्हणजे दगडांची ओळ. त्या दिवसांत वरून धक्का देणारं कुणी नाही, सगळा भार एकट्या भरतीवर. वर्षाची सरासरी म्हणजे जुलैचं पाणी मे महिन्याला उसनं देणं! नेमक्या मे महिन्यातच तर पाहुणे येतात आणि तिसऱ्यांना भाव असतो.

तिसरी गोष्ट भाच्याच्या आधी मला दिसली, याचा मला अभिमान वाटायला हवा होता. पण तो नकाशा पाहून माझा घसाच कोरडा पडला. अहवालातल्या जाळ्यात आमचा कोंड मोकळा दाखवला होता. खाडीचं पाणी दोन्हीकडून त्यात येतं-जातं, असं. माझ्या लहानपणी ते तसंच होतं. कोंडाच्या खालच्या अंगानं अब्बांची होडी आत यायची आणि वरच्या अंगानं बाहेर पडायची. आता तसं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी खाडीवर पूल झाला. पूल खांबांवर आहे, पण आमच्या बाजूला त्याला जोडणारा रस्ता मातीच्या भरावावर आहे, आणि तो भराव कोंडाच्या वरच्या अंगावरून गेला आहे. पाण्यासाठी तीन मोऱ्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोन गाळानं भरल्या आहेत. प्रतिमानासाठी वापरलेला खोलीचा नकाशा पुलाच्या आधीचा होता. संगणक बिचारा अजून अब्बांच्या काळात पाणी मोजत होता.

त्या पुलाच्या उद्घाटनाला मी कविता म्हटली होती. ऐलतीर-पैलतीर, मनं जोडणं वगैरे. मंत्रिमहोदयांनी शाल दिली. अब्बा मांडवात मागच्या रांगेत बसले होते. त्या दिवसापासून त्यांची होडी काठावर होती. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चांगली म्हटलीस. पण भरावाला मोऱ्या कमी आहेत." मला वाटलं, धंदा गेला म्हणून म्हातारा कुरकुरतोय. पूल हवाच होता, हे मी आजही म्हणतो. बाळंतिणी रात्री-बेरात्री दवाखान्यात पोचतात त्या पुलामुळेच. पण मोऱ्यांचं त्यांनी सांगितलेलं मी कुणालाही सांगितलं नाही. ती कविता माझ्या दुसऱ्या संग्रहात आहे, पान ४१.

आम्ही लेखी हरकत घेतली. त्यात विशेषणं नव्हती, भाच्यानं ती सगळी खोडली. मागण्या एवढ्याच: खोली आज आहे तशी मोजा, भराव आणि मोऱ्या जाळ्यात घाला, मे महिन्यातल्या भांगाच्या भरतीवर हिशोब करा, आणि उत्तर सरासरीत नको, कोंडाचं वेगळं द्या. सदतीस टक्क्यांचंही द्या आणि पाच टक्क्यांचंही. हरकतीवर दोनशे अकरा सह्या झाल्या आणि तीसेक अंगठे.

सुनावणीत बोलणाऱ्या त्या तज्ज्ञांनी स्वतः भाच्याला फोन केला, ही त्यांच्या मोठेपणाची गोष्ट. म्हणाले, "नकाशा आम्हाला मिळाला तो असाच होता. जागेवर येऊन बघायला हवं होतं." यंदाच्या मे महिन्यात मोजणीची होडी आली. चार पोरं, एक खोली मोजायचं यंत्र, लॅपटॉपवर छत्री धरलेली. पाणी इतकं कमी होतं की कोंडात होडी शिरेना आणि यंत्र उथळ पाण्यात नीट वाचेना. तेव्हा त्यांनी काठी घेऊन हातानं मोजायचं ठरवलं. पण चिखलात पाऊल कुठं ठेवायचं हे त्यांना कळेना. त्यांच्यातला एक मांडीपर्यंत रुतला.

फुफी पुढं झाली. काठी तिनं घेतली नाही. ती नुसती चालत गेली, आणि पोरं तिच्या पावलांवर पाऊल ठेवत मागून. जिथं ती थांबायची तिथं काठी उभी करायची आणि आकडा लिहून घ्यायचा. एका जागी ती म्हणाली, "इथं माझ्या लग्नाच्या वेळी पुरुषभर पाणी होतं." त्या मुलानं आकडा वाचला, सदुसष्ट सेंटिमीटर. मोऱ्यांपाशी गेल्यावर तिनं हात घालून गाळ काढून दाखवला. तिसरी मोरी अजून वाहत होती. तिच्यातून येणारी पाण्याची धार बघत ती पोरं बराच वेळ उभी होती. एकानं घड्याळ लावून तिचा वेग मोजला.

नवा अहवाल अजून यायचा आहे, दुसऱ्या सुनावणीची तारीखही लागलेली नाही. ग्रामपंचायतीनं दोन मोऱ्यांमधला गाळ काढायचा ठराव केला आहे. भराव ज्या खात्याचा, त्याची परवानगी मागितली आहे. भाच्यानं त्या दिवशीच्या मोजणीची वही झेरॉक्स करून मला दिली. तिच्यात एकशे बारा ठिकाणांची खोली आहे. प्रत्येक आकड्यापुढं वेळ आणि तिथी लिहिली आहे, आणि तिथीच्या शेजारी, माझ्या हातानं, चांदाची तारीख.